सोलरच्या बॅटरीचे टक्के खरे किती? घरच्या घरी तपासायची पूर्ण पद्धत

मे महिन्यात रात्री दोनला लाईट जाते, ॲपमध्ये बॅटरी ४१ टक्के दाखवून राह्यली असते, आणि पंधरा मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलत बंद. कूलर बंद, घर जागं, आणि सकाळी इन्स्टॉलरला फोन की भाऊ तू बॅटरीच खराब दिली. नागपुरात ज्यांच्या घरी हायब्रिड सोलर (पॅनल, बॅटरी आणि महावितरणची लाईन तिन्ही जोडलेलं) आहे त्यांच्याकडून ही गोष्ट वारंवार ऐकायला मिळते, फक्त टक्के बदलतात. उलटं पण होतं, ५ टक्के दाखवते आणि तरी दोन तास आरामात चालते. दोन्ही वेळा बॅटरी बहुतेक ठीकच असते, आकडा चुकलेला असतो.

हा प्रश्न आता वाढलाय त्याचं कारण पण सांगतो. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅट आणि त्याच्यावर ७८ हजार सबसिडी, धडाधड पॅनल लागले. मग लोकांना कळलं की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःच बंद होतो, कारण लाईनवर काम करणाऱ्या महावितरणच्या माणसाला शॉक बसू नये म्हणून त्याला तसं बनवलेलंच असतं. छपरावर कडक ऊन आणि घरात अंधार. मग हायब्रिड इन्व्हर्टर, मग लिथियम बॅटरी, मग मोबाईलवर ॲप, आणि मग दिवसभर टक्के बघत बसायचा नवा छंद.

ते टक्के कोणी मोजत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. बॅटरीच्या आत किती वीज उरली हे सरळ मोजणारं यंत्र तुमच्या घरात नाहीच. मोजता येतात तीन गोष्टी, व्होल्टेज, करंट आणि तापमान, आणि त्यावरून कोणीतरी हिशोब करून टक्के दाखवतं. तो हिशोब करणारा कोण आणि कसा करतो ते कळलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

पहिलं काम: आकडा येतो कुठून ते शोधा

एका घरात चार वेगवेगळे टक्के दिसू शकतात. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर एक, कंपनीच्या ॲपमध्ये एक, बॅटरीच्या स्वतःच्या बीएमएसच्या (आतलं सर्किट, जे सेल सांभाळतं आणि गरज पडली की बॅटरी तोडतं) ब्लूटूथ ॲपमध्ये एक, आणि शंट (करंट मोजायचा वेगळा तुकडा) लावला असेल तर त्याचा चौथा. कंपनीचं ॲप तर वायफाय डोंगलवरून बहुतेक पाच-पाच मिनिटांनी डेटा पाठवतं, त्यामुळे त्यात दिसतं ते थोडं शिळंच असतं, कूलर चालू केला आणि लगेच ॲप बघितलं तर काहीच कळणार नाही.

आता इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरी टाईप बघा. तिथे 'लिथियम' किंवा बीएमएसचा प्रोटोकॉल निवडलेला असेल (प्रोटोकॉल म्हणजे दोघांची बोलायची भाषा, बऱ्याच बॅटऱ्या पायलॉनटेक ह्या बॅटरी कंपनीची बोलतात) आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत कम्युनिकेशन केबल लावलेली असेल तर इन्व्हर्टर बॅटरीचाच आकडा दाखवतो. पण तिथे 'एजीएम', 'फ्लडेड' (हे लेड ॲसिडचे प्रकार) किंवा 'यूजर' असं असेल तर इन्व्हर्टर फक्त व्होल्टेज बघून अंदाज मारतोय, आणि लिथियमवर तो अंदाज म्हणजे निव्वळ तुक्का. नागपुरात मी ज्या ज्या घरी टक्क्यांची तक्रार ऐकली तिथे सगळ्यात आधी हेच बघायला सांगतो, काहून की केबल बॉक्समध्येच पडून असते, इन्स्टॉलरने लावलेलीच नसते. सिस्टम त्याच्याशिवाय पण चालते ना, मग कशाला डोकं लावा.

केबल लावताना एक गोष्ट. दिसायला ती लॅनची केबल असते पण तिच्या पिना प्रत्येक कंपनीत वेगळ्या असतात, कॅन आणि आरएस-४८५ ह्या डेटा पाठवायच्या दोन पद्धती, दोन्हीच्या पिना वेगळ्या. राउटरची जुनी केबल खुपसून 'नाही चालत' म्हणू नका, बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्हीची मॅन्युअल उघडा, पिना जुळवा, गरज पडली तर एका टोकाचा कनेक्टर कापून नवीन क्रिंप करून घ्या. दोन-तीन बॅटऱ्या पॅरलल असतील तर डिप स्विचवर (बॅटरीवरची बारीक बटणं) प्रत्येकीचा ॲड्रेस वेगळा पाहिजे आणि मास्टर एकच पाहिजे, नाहीतर इन्व्हर्टर एकाच बॅटरीचे टक्के सगळ्यांचे म्हणून दाखवत बसतो.

व्होल्टेजवरून टक्के का निघत नाहीत

घरगुती लिथियम म्हणजे आज बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. ह्याचा एक सेल ३.२ व्होल्टचा, ४८ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या बॅटरीत असे १६ सेल लायनीत, म्हणून लेबलवर ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं (काही १५ सेलच्या पण येतात, त्यांची सगळी सेटिंग वेगळी, तेव्हा लेबल वाचा). एलएफपीचा गुण म्हणजे व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून राहतो, आणि टक्के मोजणाऱ्यासाठी हाच अवगुण. ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत एका सेलचा व्होल्टेज जेमतेम पाच-सहा शतांश व्होल्ट हलतो, म्हणजे पूर्ण बॅटरीत एक व्होल्टच्या आत. ह्या एका व्होल्टात ४० टक्के कोंबलेले आहेत. आता रात्री कूलर, दोन पंखे, फ्रिज आणि कोणीतरी मिक्सर लावला तर केबल, थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा कनेक्टर), एमसीबी ह्यांच्यातच ०.३-०.४ व्होल्ट पडतो. झाली पंधरा टक्क्यांची चूक, बॅटरीत काहीच न बदलता. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज वर फुगतो, लोड असताना खाली बसतो, दोन्हीच्या मधे खरं काय ते बॅटरी तास-दोन तास एकटी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि घरात कोण सोडतो बॅटरीला एकटं.

पण दोन टोकांना व्होल्टेज खरं बोलतो. सेल ३.४५ च्या वर चढायला लागला की भरत आली, ३.० च्या खाली घसरायला लागला की संपत आली. मधल्या मैदानात त्याला काही विचारू नका.

मग बीएमएस कसं मोजतं

बीएमएस करंट मोजतं आणि जमाखर्च ठेवतं, किती अँपिअर किती वेळ आत गेले, किती बाहेर आले. किराणा दुकानातली उधारीची वही असते ना तसं, प्रत्येक नोंद बरोबर असेल तर बाकी बरोबर, पण दोन रुपयांची माचीस, एक चहापत्तीची पुडी लिहायची राहत गेली की महिन्याच्या शेवटी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचे आकडे वेगळे. बीएमएसमध्ये राहून जाणारी माचीस म्हणजे बारीक करंट. बऱ्याच स्वस्त बीएमएसना अर्ध्या अँपिअरच्या आतला करंट दिसतच नाही, ते त्याला शून्य धरतात. ५१.२ व्होल्टवर अर्धा अँपिअर म्हणजे २५ वॅट, वायफाय राउटर आणि एखादा नाईट बल्ब. दहा तास हे चाललं तर ५ एएच (अँपिअर-तास) गेले, १०० एएचच्या बॅटरीचे ५ टक्के, आणि वहीत नोंद शून्य. असे चार-पाच दिवस गेले की ॲपमधे ४० आणि आत १५.

म्हणून वही मधे मधे मिटवायला लागते. बॅटरी खरंच पूर्ण भरली की बीएमएस म्हणतं, आता १०० टक्के, मागचं सगळं माफ, आणि तिथून नव्याने मोजायला लागतं. ह्याला लोक सिंक होणं म्हणतात. माझं म्हणणं इतकंच आहे की घरच्या बॅटरीचे टक्के चुकतात त्यातल्या बहुतेक केसमध्ये हे सिंक नीट होत नसतं. नवीन बॅटरी, महाग इन्व्हर्टर, जे काय करायचं ते नंतर करा, आधी बॅटरीला पूर्ण भरू द्या आणि 'पूर्ण' म्हणजे काय ते सगळ्या यंत्रांना एकसारखं सांगा.

दुसरं काम: एकदा नीट शंभर करा

सुट्टीचा, स्वच्छ उन्हाचा दिवस घ्या. नोव्हेंबर ते मार्च नागपुरात असे दिवस भरपूर. सकाळपासून घरातला जड लोड टाळा, एसी, गिझर, प्रेस नको.

१६ सेलच्या एलएफपीला चार्जिंगचा वरचा व्होल्टेज साधारण ५६ ते ५६.८ पाहिजे, म्हणजे सेलमागे ३.५ ते ३.५५. अगदी वरची हद्द ३.६५ म्हणजे ५८.४ आहे, पण तिथपर्यंत रोज ओढायची गरज नाही. फ्लोट, म्हणजे भरल्यावर टिकवून ठेवायचा व्होल्टेज, ५३.६ ते ५४.४ च्या मधे. अर्थात तुमच्या बॅटरीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअल ऐका, माझं नको. कम्युनिकेशन केबल लागलेली असेल तर हे आकडे बॅटरी स्वतःच इन्व्हर्टरला सांगते, तुम्हाला फक्त बघायचंय.

आता बीएमएसच्या ॲपमध्ये दोन गोष्टी बघत राहा, व्होल्टेज वरच्या आकड्याला टेकला का, आणि तिथे टेकून राहिल्यावर करंट हळूहळू कमी होतोय का. १०० एएचच्या बॅटरीत करंट ४-५ अँपिअरच्या खाली आला की भरली समजा. फक्त व्होल्टेज टेकला म्हणून भरली असं नाही, दुपारी पॅनल जोरात मारत असताना व्होल्टेज आधीच टेकतो आणि आत जागा बाकी असते.

इथे दोन अडचणी येतात. एक, टक्के १०० वर जातच नाहीत, ९६-९७ वर अडकतात. बऱ्याच बीएमएसना १०० म्हणायला सेल एका ठराविक व्होल्टेजपर्यंत चढलेला पाहिजे असतो, आणि इन्व्हर्टर त्याच्या आधीच फ्लोटवर उतरतो. वरचा व्होल्टेज ०.२-०.२ ने वाढवून बघा, ५६.८ च्या वर जायच्या आधी बॅटरीवाल्याला विचारा.

दुसरी अडचण जास्त येते. एकूण व्होल्टेज ५५ वर असतानाच बीएमएस चार्जिंग तोडतं, कारण सोळापैकी एखादा सेल पुढे पळून ३.६५ ला पोचलेला असतो आणि बाकीचे अजून ३.४० वर. हे अनबॅलन्स. बीएमएसमधला साधा बॅलन्सर ५०-१०० मिलीअँपिअरचा असतो, मुंगीच्या पावलाने चालतो, आणि बहुतेक सेल ३.४ च्या वर असतानाच काम करतो. तेव्हा वरचा व्होल्टेज तात्पुरता ५५.२ ठेवा आणि सलग काही दिवस दुपारचे दोन-तीन तास बॅटरीला तिथे टेकून राहू द्या, सेलमधला फरक ०.०३ च्या आत आला की परत वर न्या. बॅटरी उघडून एकेक सेल वेगळा चार्ज करायचे व्हिडिओ खूप आहेत, घरी करू नका. वॉरंटी जाते आणि सोळा सेलच्या बॅटरीवर पाना आडवा पडला तर पाना वितळतो, हे मी गंमत म्हणून नाही सांगत आहे.

आणि ह्याच अनबॅलन्समुळे ती सुरुवातीची ४१ टक्केवाली गोष्ट पण घडते. जो सेल सगळ्यात कमी भरलेला तो आधी संपतो, २.५ च्या आसपास गेला की बीएमएस सगळी बॅटरी तोडतं, बाकी पंधरा सेलमध्ये माल असला तरी. म्हणून ॲपमध्ये टक्क्यांपेक्षा सगळ्यात खालचा सेल आणि सगळ्यात वरचा सेल हे दोन आकडे बघायची सवय लावा.

तिसरं काम: मीटरने पडताळा

एक बरा मल्टिमीटर आणि एक डीसी क्लँप मीटर लागेल. डीसी क्लँप म्हणजे डीसी, सीताबर्डीत दुकानदार स्वस्तातला क्लँप पुढे करतो तो बहुतेक फक्त एसी करंट मोजतो, बॅटरीच्या वायरवर लावला तर शून्य दाखवेल. बॉक्सवर डीसी अँपिअर लिहिलंय का ते बघूनच घ्या.

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर बघा, लोड चालू असताना. दोन्हीत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर थिंबल ढिलं आहे किंवा केबल बारीक आहे, हात लावून नाही पण जवळून गरमी जाणवेल. आधी ते दुरुस्त करा, टक्के नंतर.

मग करंट. क्लँप मीटर वायरवर लावायच्या आधी शून्य करा, हे विसरलं की मीटरच दोन-तीन अँपिअर खोटे दाखवतो. आता तीन पातळ्यांवर बघा, फक्त राउटर आणि बल्ब, मग कूलर-पंखे, मग काहीतरी जड. प्रत्येक वेळी क्लँपचा आकडा आणि बीएमएसचा आकडा लिहा. जड लोडला दोन्ही जवळपास सारखे आणि हलक्या लोडला बीएमएस शून्य दाखवतं, तर माचीसवाला आजार पक्का. सगळीकडेच सारख्या प्रमाणात फरक असेल तर करंटचं कॅलिब्रेशन चुकलंय, जेके, जेबीडीसारख्या बीएमएसच्या ॲपमधे ते दुरुस्त करायची सोय असते. लोड भरपूर असताना करा, दोन अँपिअरवर कॅलिब्रेशन केलं तर मीटरची स्वतःची चूक बीएमएसमध्ये घुसवाल.

त्याच ॲपमध्ये बॅटरीची क्षमता काय टाकलीय ते पण बघून घ्या. १०० एएचच्या सेलवर १२० टाकलेलं असेल तर टक्के कधीच जुळणार नाहीत.

चौथं काम, ज्यांना अचूक पाहिजे त्यांनीच: शंट

बीएमएसवर भरोसा नसेल तर वेगळा बॅटरी मॉनिटर लावा. शंट म्हणजे पितळेच्या ठोकळ्यात बसवलेला अगदी कमी रेझिस्टन्सचा तुकडा, ५०० अँपिअर ५० मिलीव्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्ण ५०० अँपिअर गेले तर त्याच्यावर ५० मिलीव्होल्ट पडतो आणि तो मोजून करंट काढतात. चांगल्या मॉनिटरला बारीक करंट पण दिसतो, सगळा फायदा तोच.

शंट निगेटिव्हमध्ये लागतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटशिवाय दुसरी एकही वायर नको. कोणीतरी गेटवरच्या कॅमेऱ्याची १२ व्होल्टची वायर किंवा वेगळ्या चार्ज कंट्रोलरची निगेटिव्ह सरळ बॅटरीवर टोचलेली असते, ती वहीत येतच नाही. बॅटरी एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला.

सेटिंगमध्ये लोक जसंच्या तसं सोडतात आणि मग मॉनिटर खोटा म्हणतात. व्हिक्ट्रॉनच्या स्मार्टशंटचं उदाहरण घेतो कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. टेल करंट (बॅटरी भरत आल्यावर उरलेला बारीक करंट) ४ टक्के आणि भरल्याची खात्री करायला ३ मिनिटं, हे आधीपासून टाकलेलं असतं आणि बरंय. चार्ज्ड व्होल्टेज मात्र तुमच्या वरच्या चार्जिंग व्होल्टेजपेक्षा ०.२-०.३ कमी टाका, ५६.४ ला चार्ज होत असेल तर ५६.१-५६.२. फार कमी टाकलं तर सकाळी ढगातून ऊन आलं-गेलं की करंट पडतो आणि मॉनिटरला वाटतं भरली, खोटं सिंक होतं, आणि खोटं सिंक हे सिंक न होण्यापेक्षा वाईट. प्यूकर्ट (जास्त करंटने काढलं की क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.२५ असतो तो लेड ॲसिडचा, एलएफपीला १.०५ करा. चार्ज एफिशियन्सी (आत घातलेल्यातलं किती परत मिळतं) ९५ टक्के असते, एलएफपीला ९९.

आणि शंट लावला म्हणजे बीएमएस काढायचं नाही, ते संरक्षणासाठी आहे, ते राहणारच.

पाचवं काम: खरी क्षमता मोजा

बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली की टक्के बरोबर असूनही बॅकअप कमी मिळतो, कारण शंभर टक्के म्हणजेच आता कमी माल. तेव्हा ही टेस्ट करा. हिवाळ्यात करा, मे मधे ४५ डिग्रीत केलेली टेस्ट कशाशीच जुळत नाही.

बॅटरी वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण भरा, तासभर थांबा, शंटचा काउंटर शून्य करा. पॅनलचा डीसी स्विच बंद, महावितरणची लाईन बंद, काहीच आत यायला नको. आता एकसारखा लोड लावा, १००० वॅटचा रूम हीटर उत्तम. पाणी तापवायचा रॉड नको, बादली उकळून रिकामी व्हायची. प्रेस पण नको, ती मधेमधे बंद होते. १०० एएचच्या बॅटरीतून साधारण २१-२२ अँपिअर निघतील आणि साडेचार तासांच्या आसपास खेळ संपेल, तेवढा वेळ घरी राहणारा माणूस पाहिजे. सगळ्यात खालचा सेल २.८-२.९ ला आला की हाताने थांबवा, बीएमएस तोडेपर्यंत वाट नका बघू. काउंटरवर किती एएच गेले ते लिहा आणि लगेच चार्जिंग सुरू करा, रिकामी बॅटरी तशीच ठेवायची नाही. ९६ आले तर १०० च्या बॅटरीला तक्रार करायचं कारण नाही. ७० आले आणि ॲपमध्ये हेल्थ १०० टक्के असेल तर हेल्थचा आकडा सोडून द्या, बऱ्याच बीएमएसमध्ये तो फक्त किती सायकल झाल्या त्यावरून काढलेला असतो.

शंट नसेल तर? बीएमएसचा करंट क्लँपने तपासून घेतला असेल तर त्याच्याच आकड्याने करा, दर अर्ध्या तासाने करंट लिहा आणि बेरीज करा. लोड जड असल्यामुळे बारीक करंटची चूक इथे त्रास देत नाही.

युनिट जुळत नाहीत त्याचं काय

५१.२ गुणिले १०० म्हणजे ५.१२ युनिट, आणि लोक म्हणतात मला चारच मिळतात, फसवलं. बघा हिशोब. खालचे १० टक्के राखून ठेवले तर ४.६ उरले. इन्व्हर्टर डीसीचा एसी करताना आठ-दहा टक्के खातो, ४.२ उरले. आणि इन्व्हर्टर नुसता जागा राहायला ५० वॅट घेतो म्हटलं तर दहा तासात अर्धा युनिट, मोठा ५ किलोवॅटचा असेल तर अजून जास्त. हातात ३.७ च्या आसपास. ह्यात कोणी खोटं बोललं नाही, फक्त बॅटरीवर लिहिलेलं आणि सॉकेटमधून मिळणारं ह्याच्यात एवढं अंतर असतं. रात्रभर राउटर आणि एका पंख्यासाठी ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर जागा ठेवणं मला तरी पटत नाही, पण ज्याचं त्याचं घर.

ट्युब्युलरवाल्यांसाठी

महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांपासून बेसा-मानेवाड्याच्या बंगल्यांपर्यंत अजून ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायच्या लेड ॲसिड बॅटऱ्या भरपूर आहेत, त्यांची पद्धत वेगळी. तिथे इन्व्हर्टरवरच्या टक्क्यांकडे बघूच नका, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी नळी) वापरा, स्वस्त असतो आणि कोणत्याही ॲपपेक्षा खरा.

झाकणावर वर-खाली होणारा फ्लोट असतो ना, लाल-हिरवा, तो पाण्याची पातळी दाखवतो, चार्ज नाही. हिरवा दिसला म्हणजे बॅटरी भरली असं समजणारे खूप आहेत.

पूर्ण भरलेल्या ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी लेबलवर असते, बहुतेक १.२४० च्या जवळ, २७ डिग्रीला. १.१८-१.१९ म्हणजे अर्धी. नागपूरचा मुद्दा असा की मे मधे बॅटरीतलं ॲसिड ४२ डिग्री असतं, आणि २७ च्या वर दर १० डिग्रीला ०.००७ मिळवायचे असतात. म्हणजे दुपारी १.२३० दिसली तर ती खरी १.२४० आहे, बॅटरी भरलेली आहे, उगाच जास्त चार्ज करून पाणी उडवू नका. जानेवारीत पहाटे १२ डिग्रीत उलटं, तेव्हा तेवढेच वजा. पाणी टाकल्याबरोबर ग्रॅव्हिटी घेऊ नका, नवीन पाणी वरच तरंगतं, एक चार्ज होऊ द्या. सहाही सेलची घ्या, एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३-०.०४ ने मागे असेल तर दोष त्याच्यात. चष्मा घाला, सुती जुने कपडे घाला, ॲसिडचा थेंब पँटला लागला की धुतल्यावर भोक दिसतं.

व्होल्टेज बघायचा असेल तर चार-पाच तास आराम दिल्यावर, १२.५ ते १२.७ भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी. आणि लेबलवर १५० एएच सी-२० लिहिलंय की सी-१० ते बघा. सी-२० म्हणजे ७.५ अँपिअरने वीस तास, सी-१० म्हणजे १५ अँपिअरने दहा तास. सी-२० वाली बॅटरी दहा तासांत रिकामी करायला गेलात तर १५० निघणारच नाहीत, कूलर-फ्रिज लावून तीन-चार तासांत रिकामी केली तर अजूनच कमी. सोलरसाठी सी-१० घ्या.

आपलं हवामान

नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत बॅटरी ठेवली असेल तर बीएमएस ५५-६० डिग्रीला बंद पडतं आणि टक्के तसेच राहतात, मग माणूस टक्क्यांना शिव्या देतो. तापमानाचा आकडा पण ॲपमध्ये असतो, बघत जा. जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीला, हवा खेळती असेल अशी जागा द्या, आणि कूलरचा ओला झोत सरळ बॅटरीवर नको.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस बॅटरी पूर्ण भरत नाही, ६० वरून ३० वर, ३० वरून ५५ वर अशी मधेच लोंबकळते, सिंक होत नाही आणि चूक साचत जाते. तेव्हा आठवड्यातून एकदा महावितरणच्या लाईनने चार्ज करून १०० ला पोचवा. दोन-तीन युनिटचे पैसे जातील, जाऊ द्या. इन्व्हर्टरमध्ये ग्रिड चार्जिंग चालू करून दुसऱ्या दिवशी बंद करायची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवा, नाहीतर महिनाभर पॅनलच्या ऐवजी लाईनच बॅटरी भरत बसेल.

टक्क्यांवर काय सोपवायचं, काय नाही

बॅटरीवरून लाईनवर परत यायचा पॉइंट ठरवताना टक्के चुकले तरी घर अंधारात जाणार नाही असं ठेवा. टक्क्यांवर २५-३० ला लाईनवर आणा, आणि सोबत व्होल्टेजची खालची हद्द पण लावा, १६ सेलला ४८ च्या आसपास. काही इन्व्हर्टर दोन्हीपैकी एकच ऐकतात, तसं असेल आणि सिंक नीट होत असेल तर टक्के निवडा, केबल लागलेली नसेल तर व्होल्टेज.

वॉरंटीत जायची वेळ आली तर 'टक्के लवकर पडतात' एवढ्यावर कोणी ऐकत नाही. पूर्ण भरल्याचा स्क्रीनशॉट ज्यात सगळ्या सेलचे व्होल्टेज दिसतात, टेस्टचे अर्ध्या तासाचे आकडे, थांबवताना खालचा सेल किती होता, तापमान, आणि बॅटरीचा सिरीयल नंबर, हे एका कागदावर इन्स्टॉलरला आणि कंपनीला एकाच मेलवर पाठवा. फोनवर बोलू नका.